एम.ए. अर्थशास्त्रानंतर ‘इकॉनॉमिस्ट’ची नोकरी: मुंबईच्या उमेदवाराने कशानंतर काय करावे

एम.ए.चा निकाल लागला की बहुतेक जण एका महिन्यात चार गोष्टी सुरू करतात. रिझर्व्ह बँकेच्या परीक्षेचा क्लास लावतात, यूपीएससीची पुस्तके आणतात, नेट-सेटचा फॉर्म भरतात आणि दिसेल त्या कंपनीला बायोडेटा पाठवतात. वर्षभराने चारही अर्धवट असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना पात्रतेची अट अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळते, आणि ‘तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम दाखवा’ असे मुलाखतीत कोणी म्हटले की हात रिकामे निघतात.

पुढचे टप्पे एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्यांसाठी आहेत. हिशेब साधारण १२ ते १५ महिन्यांचा धरा. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक टप्पा पुढच्याला लागणारी एखादी वस्तू देतो.

टप्पा १: कागद आधी, पुस्तके नंतर

हे काम दोन दिवसांचे आहे. ते टाळल्याने गेलेले वर्ष मात्र परत येत नाही. चार गोष्टी एका कागदावर लिहून काढा.

पदवीचे नेमके नाव. भारतीय आर्थिक सेवा, म्हणजे यूपीएससी घेते ती आयईएस, हिच्यासाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा इकॉनॉमेट्रिक्स यांतली पदव्युत्तर पदवी लागते. एम.कॉम.ला बिझनेस इकॉनॉमिक्सचा एक पेपर होता, एवढ्यावर भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागाची (सगळे ‘डेपर’ म्हणतात तो) यादी वेगळी आणि लांब आहे. गुणपत्रिकेवर छापलेले नाव त्या यादीशी शब्दाला शब्द लावून बघा.

टक्के. डेपरला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना ५०. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर स्वतः दहाने गुणून टक्के लिहू नका. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते आणि कागदपत्र पडताळणीत विद्यापीठाचेच रूपांतरपत्र मागतात. ते आजच मागवा, खिडकीवर वेळ लागतो.

वय. आयईएसला परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला वय २१ पूर्ण आणि ३० च्या आत हवे. २०२५ च्या परीक्षेला जन्मतारीख २ ऑगस्ट १९९५ ते १ ऑगस्ट २००४ यांच्यात असणे आवश्यक होते. डेपरलाही २१ ते ३० च, पण एम.फिल. असेल तर ३२ आणि पीएच.डी. असेल तर ३४ पर्यंत. म्हणजे २९ व्या वर्षी पीएच.डी. अर्धी झालेल्याने आयईएस आधी द्यावी. डेपरचे दार त्याला आणखी काही वर्षे उघडे आहे.

प्रवर्गाचा दाखला. महाराष्ट्रात सर्वांत जास्त घोळ इथे होतो. तहसीलदार कार्यालयातून राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला आणायचा आणि तोच यूपीएससीला जोडायचा, हे चालत नाही. केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे सापडेलच असे नाही. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) हा राज्याचा प्रवर्ग तर केंद्राच्या भरतीत नाहीच. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, मागच्या वर्षीचा बाद होतो.

इशारा: आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, कधी पुढे आईचेही. आधारवर क्रम उलटा असतो. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत आधी काढून ठेवा.

टप्पा २: पाचपैकी दोन वाटा निवडा

‘इकॉनॉमिस्ट’ हे एक पद नाही. त्या नावाखाली पाच-सहा वेगवेगळी कामे चालतात आणि त्यांची तयारी एकमेकांच्या फारशी उपयोगी पडत नाही. एक सरकारी आणि एक खासगी अशा दोनच वाटा निवडा.

आयईएस १९६१ पासून आहे. अधिकारी मंत्रालयांच्या आर्थिक विभागांत काम करतात आणि बहुतेक नेमणुका दिल्लीत होतात. घर मुंबईत ठेवायचेच असेल तर ही वाट कागदावर आकर्षक दिसली तरी तुमची नाही. जागाही मोजक्या असतात: २०२४ च्या जाहिरातीत १८, २०२५ मध्ये १२. वेतनस्तर १०, सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये.

डेपरचे काम म्हणजे रिझर्व्ह बँकेचे संशोधन. मासिक बुलेटिन, राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास, पतधोरणासाठीची टिपणे. मुख्य कार्यालय फोर्टमध्ये असल्याने मुंबईकरांचा ओढा इकडे असतो. डेपरची भरतीही ‘ग्रेड बी’ अधिकारी याच श्रेणीत होते. मात्र क्लासमध्ये ‘ग्रेड बी’ म्हणून जे शिकवतात ते बहुतेक वेळा जनरल शाखेचे असते, डेपरचे नव्हे. फी भरण्याआधी विचारा.

राज्य सरकारचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी मांडली जाणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ इथे तयार होते. राजपत्रित पदे एमपीएससीमार्फत भरली जातात, तर सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशी पदे सरळसेवेने. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जावे लागेल हे गृहीत धरा. मराठीत टिपणी लिहिता येणे ही इथली रोजची गरज आहे, आणि इंग्रजी माध्यमातून आलेले नेमके तिथेच अडकतात. ‘घट’ आणि ‘वाढीचा वेग कमी होणे’ यांतला फरक मराठीत बिनचूक लिहिता येतो का, ते आधी करून बघा.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद एसएससीच्या (म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) सीजीएल परीक्षेतून मिळते. त्याला बारावीत गणितात ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र हा विषय लागतो. अकरावीत गणित सोडलेले आणि पदवीलाही संख्याशास्त्र न घेतलेले इथे अडतात आणि तेव्हा काही करता येत नाही. सेबी आणि नाबार्ड ही दोन्ही बीकेसीतली कार्यालये वेळोवेळी अधिकारी भरतात; कोणती शाखा निघेल हे त्या वर्षीच्या जाहिरातीवर अवलंबून.

खासगीत चार प्रकार आहेत. बँकांचे अर्थसंशोधन विभाग ट्रेझरीला आणि वरिष्ठांना व्याजदर, महागाई, रुपया यांचे अंदाज देतात. तिथे वेगाला किंमत आहे. पतमानांकन संस्थांत उद्योग आणि राज्यांची वित्तस्थिती बघतात. तिथे ताळेबंद वाचता आला पाहिजे. ब्रोकरेज आणि म्युच्युअल फंडांत लिखाण थोडे, ठाम आणि सकाळी आठच्या आत लागते. सल्लागार संस्था, ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्या आणि ॲपवाल्या कंपन्यांत मागणीचा अंदाज, किंमत ठरवणे, प्रयोगांचे विश्लेषण असते. तिथे पदाचे नाव ‘ॲनालिस्ट’ असते आणि ‘इकॉनॉमिस्ट’ शोधणाऱ्याला ती जाहिरात दिसतही नाही. शोधताना ‘मॅक्रो रिसर्च’, ‘फोरकास्टिंग’, ‘प्रायसिंग’ हे शब्दही टाका.

प्राध्यापकीसाठी नेट-सेट ही सहावी वाट. ती स्वतंत्र विषय आहे. ‘जाता जाता देऊन टाकू’ म्हणून फॉर्म भरण्यात तीन आठवडे जातात.

तपासणी: निवडलेल्या दोन वाटांची मागची तीन जाहिरातपत्रके उतरवून घेतली का? पात्रता, पेपर, गुण, वयाची तारीख यांखाली रेघ मारली का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: १६ आठवड्यांचा संख्यात्मक पाया

पहिले चार आठवडे गणित: अवकलन, बंधनांसह इष्टतमीकरण, मॅट्रिक्स. पुढचे चार संख्याशास्त्र: संभाव्यता वितरणे, गृहीतक चाचणी, विश्वासांतर. उरलेले आठ इकॉनॉमेट्रिक्स. सरकारी परीक्षेला हे लागतेच. आयईएसच्या पहिल्या जनरल इकॉनॉमिक्स पेपरचा मोठा भाग यावर असतो. खासगीत तर पहिली चाळणीच याची.

सॉफ्टवेअरबाबत वाद घालत बसू नका. एक्सेल पूर्ण, आणि आर किंवा पायथन यांपैकी एक. दोन्ही मोफत आहेत. स्टाटा आणि ईव्ह्यूज ही सशुल्क सॉफ्टवेअर नोकरीवर गेल्यावर दोन आठवड्यांत हाताखाली येतात. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, इंडेक्स-मॅच आणि तारखांची जुळवाजुळव डोळे मिटून जमली पाहिजे. सूत्रात आकडा थेट टाइप करायची सवय असेल तर ती मोडा. गृहीतके वेगळ्या शीटवर ठेवा. चाचणीत तपासणारा सर्वांत आधी तेच उघडून बघतो.

कुठे चुकते: गेल्या तीस वर्षांची वीजमागणी आणि जीडीपी घेऊन थेट रिग्रेशन चालवायचे, आर-स्क्वेअर (समीकरण आकड्यांशी किती जुळते त्याचे माप, जास्तीत जास्त १) ०.९७ आला की खूश व्हायचे. दोन्ही मालिका काळाबरोबर वर चढतात, म्हणून आकडा मोठा येतो. तुम्ही जीडीपीच्या जागी मुंबईतल्या रिक्षांची संख्या घातली तरी जवळपास तसाच येईल. आधी मालिका स्थिर आहे का ते तपासा, नसेल तर वाढीचे दर घ्या किंवा को-इंटिग्रेशनची, म्हणजे दोन मालिकांत खरोखर दीर्घकालीन नाते आहे का याची, चाचणी करा. मुलाखतीत ‘आर-स्क्वेअर एवढा जास्त का?’ हा प्रश्न हमखास येतो.

टप्पा ४: आकडा आला की वाचता आला पाहिजे

बहुतेक उमेदवार सर्वाधिक इथे मार खातात. पुस्तकातली महागाई येते, बाराव्या तारखेची येत नाही.

भिंतीवर एक तक्ता लावा. १ तारखेच्या आसपास जीएसटी वसुली. १२ ला सीपीआय, म्हणजे किरकोळ महागाईचा ग्राहक किंमत निर्देशांक, दुपारी ४ वाजता. १४ ला घाऊक महागाई. २८ ला औद्योगिक उत्पादन निर्देशांक. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या अखेरीस तिमाही जीडीपी. पतधोरण समितीच्या बैठका साधारण दर दोन महिन्यांनी. सुट्टी आली की तारीख सरकते. सहा महिने प्रत्येक आकड्यावर, प्रसिद्ध झाल्यापासून ४५ मिनिटांत, १५० शब्दांची टिपणी लिहा. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी उघडा, आधी नाही.

आता एक उदाहरण जवळून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

मागच्या वर्षी निर्देशांक मे महिन्यात १८०.० होता, जूनमध्ये भाज्या भडकल्या आणि तो १८९.० झाला. यंदा मे मध्ये १८९.०, जूनमध्ये १९२.८.

मे ची महागाई: १८९ ÷ १८० = १.०५, म्हणजे ५ टक्के.
जूनची महागाई: १९२.८ ÷ १८९ = १.०२, म्हणजे २ टक्के.

महागाई पाचावरून दोनवर आली. ‘भाव उतरले’ असे लिहिलेत की संपले. मे ते जून या एका महिन्यात निर्देशांक १८९ वरून १९२.८ वर गेला, म्हणजे महिन्याभरात २ टक्के वर. हे अजिबात थोडे नाही. महागाई दर खाली आला तो मागच्या जूनमधल्या उंच पायरीमुळे, ज्याला सगळे बेस इफेक्ट म्हणतात. टिपणीत दोन वेगळी वाक्ये हवीत: महिन्याचा वेग किती, आणि मागच्या वर्षीच्या पायाचा वाटा किती. ‘पुढच्या महिन्याची महागाई किती येईल?’ या मुलाखतीतल्या लाडक्या प्रश्नाचे उत्तरही इथूनच सुरू होते. मागच्या वर्षीचा पाया तुम्हाला आधीच माहीत असतो. अंदाज करायचा तो फक्त या महिन्याच्या वेगाचा, आणि त्यासाठी ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे भाव मिळतात.

आणखी चार सापळे, घाईत होणारे:

चारवरून पाच टक्के झाले तर वाढ १ टक्केबिंदूची. ‘१ टक्क्याने वाढले’ हे चूक आहे. तसे मोजले तर ती २५ टक्क्यांची वाढ होईल. रेपो दरात २५ बेसिस पॉइंट म्हणजे ०.२५ टक्केबिंदू.

चालू किमतींना वाढ १० टक्के आणि डिफ्लेटर (जीडीपीतली भाववाढ) ३ टक्के असेल तर स्थिर किमतींची वाढ वजाबाकीने ७ येते, भागाकाराने ६.८. परीक्षेत भागाकार करा.

दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. कारखान्यांचे कामाचे दिवस सरकतात आणि औद्योगिक उत्पादनाची वार्षिक वाढ एका महिन्यात कोसळून पुढच्या महिन्यात उसळते. दोन महिने एकत्र करून वाचा.

आधारवर्ष बदलले की मालिका तुटते. जुन्या आणि नव्या मालिकेतला समान काळ घ्या, दोन्हींची सरासरी काढा, जुनी भागिले नवी करा. जुनी १५० आणि नवी १०० असेल तर जोडगुणक १.५. तोंडपाठ भारांकही मालिकेबरोबर जुने होतात: २०१२ आधाराच्या सीपीआयमध्ये खाद्य व पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. तो कोणत्या मालिकेचा ते न सांगता मुलाखतीत फेकू नका.

इशारा: ‘मुंबईची महागाई’ लिहिण्याआधी थांबा. सांख्यिकी मंत्रालयाचा सीपीआय राज्याचा ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असा मिळतो. शहरनिहाय हवा असेल तर लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक बघावा लागतो, आणि त्याची टोपली वेगळी आहे.

टप्पा ५: चार पानांचे एक टिपण

बायोडेटावरच्या दहा ओळींपेक्षा हे जास्त काम करते. प्रबंध पाठवू नका. ऐंशी पाने कोणी उघडत नाही. चारच पाने, एक प्रश्न, आणि सोबत दुसऱ्याला चालवून बघता येईल अशी फाइल.

प्रश्न छोटा आणि आकड्यांनी उत्तर देता येईल असा हवा. ‘भारतातील बेरोजगारी: समस्या व उपाय’ हा प्रश्नच नाही. मुंबईतल्या उमेदवाराला घरचा, भरपूर आकडे असलेला विषय म्हणजे मुद्रांक शुल्क. प्रश्न असा घ्या: राज्याच्या मुद्रांक शुल्काच्या महसुलात झालेली वाढ कशामुळे झाली?

महसूल म्हणजे दस्तांची संख्या × सरासरी किंमत × दर. समजा दस्त १० टक्क्यांनी वाढले, सरासरी किंमत ५ टक्क्यांनी, आणि दर ५ चा ६ टक्के झाला. मग महसूल १.१० × १.०५ × १.२० = १.३८६ पट, म्हणजे जवळपास ३९ टक्के वाढ. बातमीत ‘घरखरेदीला उधाण’ येईल. लॉगरिदम घेऊन वाटणी केली तर वाढीचा निम्म्याहून जास्त भाग एकट्या दरवाढीचा निघतो. एवढे एक कोष्टक नीट मांडलेत तर टिपणाचे अर्धे काम झाले.

या विषयातल्या खाचा माहीत असल्याचे दाखवा. २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबर अखेरपर्यंत मुंबईत शुल्क ५ वरून २ टक्के होते, मग मार्च २०२१ अखेरपर्यंत ३ टक्के. लोकांनी त्या मुदतीत शुल्क भरून ठेवले आणि नोंदणी नंतर केली. त्यामुळे त्या वर्षाचे दस्त, महसूल आणि नोंदणी हे तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत पडतात. २०२१ च्या एप्रिलची २०२० च्या एप्रिलशी तुलना तर निरर्थकच, तेव्हा टाळेबंदी होती. एप्रिल २०२२ पासून मुंबईत मेट्रो उपकराचा १ टक्का पुन्हा लागू झाला. तो पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली दिसतो ते अर्थसंकल्पात शोधा, नाहीतर दर ६ धरून महसूल ५ चा घेतल्याची चूक होईल.

आणखी एक, अर्थसंकल्पाची पुस्तके वाचणाऱ्या प्रत्येकाची पहिली चूक. तिथे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. यंदाचा अंदाज मागच्या वर्षीच्या प्रत्यक्षाशी लावून ‘वाढ’ काढू नका. प्रत्यक्षाची तुलना प्रत्यक्षाशीच.

पानांची रचना: पहिल्या पानावर प्रश्न, पाच ओळींत उत्तर, एक आलेख. दुसऱ्यावर आकडे कुठून घेतले, कोणत्या तारखेला उतरवले, काय वगळले. तिसऱ्यावर निकाल. चौथ्यावर तुमचे उत्तर कशामुळे चुकू शकते. चौथे पान वगळायचा मोह होतो. तज्ज्ञ माणूस तेच आधी वाचतो.

आकडे उतरवल्याची तारीख फाइलच्या नावातच ठेवा. जीडीपी आणि औद्योगिक उत्पादनाचे आकडे नंतर सुधारले जातात. सहा महिन्यांनी तुमचा निकाल तुम्हालाच पुन्हा निघत नाही आणि मुलाखतीत तोंड कोरडे पडते.

तपासणी: फाइल एका मित्राच्या संगणकावर, तुम्ही बाजूला न बसता, चालवून घ्या. तुमच्याच फोल्डरचा पत्ता सूत्रात अडकलेला असतो, तो इथे सापडतो. टिपण इंग्रजीत लिहा. राज्य सेवेची वाट धरली असेल तर त्याचीच एक पानी मराठी आवृत्तीही करा, शब्दशः भाषांतर न करता.

टप्पा ६: लेखी परीक्षा

आयईएस: सामान्य इंग्रजी १००, सामान्य अध्ययन १००, जनरल इकॉनॉमिक्सचे तीन पेपर प्रत्येकी २००, भारतीय अर्थव्यवस्था २००; एकूण १०००, वर मुलाखत २००. सगळे वर्णनात्मक, तीन-तीन तासांचे आणि फक्त इंग्रजीत. हिशेब करा: १००० पैकी ८०० गुण अर्थशास्त्राचे. तरी राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मित्रांच्या नादाने सहा महिने सामान्य अध्ययनात घालवणारे दरवर्षी असतात. पाच तास अभ्यास होत असेल तर चार तास अर्थशास्त्राचे.

२०० गुण, १८० मिनिटे. म्हणजे १० गुणांना ९ मिनिटे, आणि त्यातच प्रश्न वाचणे आले. घड्याळ लावून आठवड्याला एक पूर्ण पेपर लिहा. संगणकावर टाइप करायची सवय लागलेल्यांचा हात दुसऱ्या तासाला दुखू लागतो. ही तयारी फक्त लिहूनच होते. उत्तराचा क्रम: व्याख्या एका ओळीत, नावे दिलेले अक्ष असलेली आकृती, बीजगणिताच्या दोन-तीन ओळी, मग भारतातला एक ताजा आकडा. अक्षांना नावे न देता काढलेली आकृती गुण मिळवत नाही, जागा मात्र खाते.

डेपरला वस्तुनिष्ठ पेपरचा वेग वेगळा लागतो आणि वर्णनात्मकही असतो. पेपरांची रचना अधूनमधून बदलते, म्हणून जुन्या टिपणांपेक्षा चालू जाहिरात प्रमाण माना. वाचनात पतधोरणाचे निवेदन आणि राज्यांच्या वित्तस्थितीचा वार्षिक अहवाल मूळातून, सारांशातून नव्हे.

परीक्षेचा दिवस: आयईएसचे मुंबईत केंद्र असते, परीक्षा सहसा जूनमध्ये आणि सलग तीन दिवस. जून म्हणजे पाऊस, आणि त्यात रविवार आला की मेगाब्लॉक. शनिवारी रात्री ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघा. परीक्षा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी दार बंद होते. डोंबिवली-विरारकडच्यांनी किमान दीड तास जास्तीचा धरावा, जमल्यास केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे.

टप्पा ७: खासगी अर्ज

एक पानी बायोडेटा. ‘एमएस ऑफिसचे ज्ञान’, ‘टीम प्लेअर’ या ओळी काढून टाका. ‘स्टाटा येते’ लिहिले असेल तर स्टाटाची फाइल दाखवता आली पाहिजे. ईमेल सहा ओळींची: कोणते पद, तुमचा प्रश्न काय होता, उत्तर काय निघाले, टिपण सोबत जोडले आहे. शंभर जणांना तेच पत्र पाठवण्यापेक्षा पंधरा विभागांची अलीकडची टिपणे वाचा, आणि त्यातल्या एखाद्या आकड्याबद्दल नेमका प्रश्न विचारून पत्र लिहा.

पत्र कधी पाठवता यालाही महत्त्व आहे. सीपीआयच्या दिवशी, पतधोरणाच्या आठवड्यात आणि केंद्रीय अर्थसंकल्पाच्या आसपास हे विभाग बुडालेले असतात.

ब्रोकरेजमध्ये शेअर-रोख्यांवर संशोधन लिहायचे असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची मालिका १५, रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा, आधीच देऊन ठेवा. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, म्हणून दुसऱ्या वर्षातच घाईने काढू नका. अर्ज सुरू करायच्या दोन-तीन महिने आधी पुरे.

चाचणी बहुधा तास-दीड तासाची. एक विस्कटलेली फाइल देतात: तारखा तीन प्रकारे लिहिलेल्या, मधले दोन महिने गायब, एका रकान्यात लाख आणि दुसऱ्यात कोटी. पहिली १५ मिनिटे फक्त साफसफाई आणि एककांची तपासणी करा. मग आलेख, शेवटी पाच ओळी. लाख-कोटीची चूक सापडली तर ती लपवून दुरुस्त न करता वर ठळक लिहा. बऱ्याचदा ती मुद्दाम ठेवलेली असते.

मुलाखतीत तुम्हीही दोन गोष्टी विचारा: अंदाजावर नाव कोणाचे जाते, आणि विभागाकडे कोणते सशुल्क डेटाबेस आहेत. उत्तर गोलमोल आले तर ते पद बहुधा सादरीकरणाच्या स्लाइड बनवण्याचे आहे.

टप्पा ८: ऑफर हातात आल्यावर

खासगी नोकरी घेऊन सरकारी निकालाची वाट बघत असाल तर नियुक्तिपत्रातला नोटीस कालावधी आधी वाचा. ६० की ९० दिवस, पगार भरून तो कमी करता येतो का, प्रशिक्षणाचा बाँड आहे का. सरकारी रुजू होण्याची मुदत कमी असते. मुदतवाढ मागता येते, पण लेखी आणि मुदत संपायच्या आत.

आधीच सरकारी किंवा सार्वजनिक बँकेच्या नोकरीत असाल तर अर्ज करतानाच कार्यालयाला लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. ना-हरकत पत्र निवड झाल्यावर मागायला गेलात की फाइल टेबलाटेबलावर फिरते.

शेवटची फाइल अशी लावा: मूळ गुणपत्रिका, सीजीपीए रूपांतरपत्र, प्रवर्गाचा योग्य नमुन्यातला दाखला, अधिवास प्रमाणपत्र, कार्यमुक्ती पत्र, पीएफचा क्रमांक. पोलीस पडताळणीत मागच्या काही वर्षांचे पत्ते विचारतात. वसतिगृह किंवा भाड्याच्या खोलीचा करारनामा फेकून दिला असेल तर घरमालकाकडून प्रत आत्ताच मागून घ्या.